बारावीनंतर ‘एटीसी डिप्लोमा’ करून टॉवरमध्ये नोकरी लागत नाही

बारावीचा निकाल लागला की दरवर्षी तोच मेसेज फिरायला लागतो. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, आशय एकच असतो. कोणत्याही शाखेतून बारावी झालेल्यांनी एक वर्षाचा एव्हिएशन आणि एटीसी (हवाई वाहतूक नियंत्रण, म्हणजे टॉवरमधून विमानांना सूचना देण्याचं काम) डिप्लोमा करावा, संस्था सरकारमान्य आहे, नवे विमानतळ सुरू होत असल्यामुळे हजारो जागा आहेत, नोकरीची १०० टक्के हमी आहे, पगार लाखाच्या घरात आहे, आणि आज पैसे भरले नाहीत तर जागा जाईल.

मी तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. यंदा एक पालक मुलाला घेऊन घरी आले. हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत गुळगुळीत कागदाचं माहितीपत्रक होतं आणि त्यात घडी घातलेला फीचा तक्ता. २ लाख ८० हजार रुपये, तीन हप्त्यांत. पहिल्या हप्त्यासाठी त्यांनी सोयाबीनचे राखून ठेवलेले पैसे काढले होते. “सर, तुम्ही म्हणाल तसं करतो,” म्हणाले. त्या दिवशी त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहितो आहे. गेल्या वर्षी माझी एक विद्यार्थिनी मला न विचारता अशाच एका संस्थेत पैसे भरून आली होती. वर्षभराने तिच्या हाती एक प्रमाणपत्र आलं. त्यावर टॉवर तर दूरच, भरतीचा अर्जसुद्धा भरता येत नाही.

आधी मुख्य दाव्याबद्दल. डिप्लोमा करून थेट एटीसी होता येतं, हे खोटं आहे. नागरी विमानतळांवर हवाई वाहतूक नियंत्रक नेमतं ते भारतीय विमानतळ प्राधिकरण. त्यांच्या पदाचं नाव कनिष्ठ कार्यकारी (हवाई वाहतूक नियंत्रण). त्यासाठी पदवी लागते: भौतिकशास्त्र आणि गणित हे दोन्ही विषय घेऊन केलेली तीन वर्षांची पूर्णवेळ, नियमित बीएस्सी, नाहीतर अभियांत्रिकीची पदवी, जिच्यात एखाद्या सत्रात तरी हे दोन विषय शिकलेले असतील. वय २७ पर्यंत, आरक्षित प्रवर्गांना नियमाप्रमाणे सवलत. मग संगणकावरची परीक्षा, १२० प्रश्न, २ तास. त्यातले निम्मे प्रश्न गणित आणि भौतिकशास्त्राचे, उरलेल्यांत इंग्रजी, तर्क, अंकगणित, सामान्यज्ञान. चुकलेल्या उत्तराला गुण कापत नाहीत. त्यानंतर कागदपत्रांची पडताळणी, आवाजाची चाचणी, मानसशास्त्रीय चाचणी, अमली पदार्थांची तपासणी आणि वैद्यकीय तपासणी. या वाटेवर डिप्लोमा कुठेच विचारत नाहीत.

निवड झाल्यावर नियंत्रकाचं काम प्राधिकरण स्वतः शिकवतं. त्यासाठी प्रयागराजला १९४८ पासून चालत आलेलं त्यांचं प्रशिक्षण महाविद्यालय आहे, हैदराबादला केंद्र आहे, आणि आपल्या गोंदियालाही आहे. तिथे हवाई नियम, हवामान, दिशादर्शन शिकायचं, सिम्युलेटरवर विमानं हाताळायची. मग प्रत्यक्ष विमानतळावर अनुभवी नियंत्रकाच्या देखरेखीखाली काम करत त्या जागेचं रेटिंग, म्हणजे तिथे स्वतंत्रपणे काम करण्याची पात्रता मिळवायची. सेवेचं बंधपत्र लिहून द्यावं लागतं, पण शिकण्याचे पैसे कुणी मागत नाही. त्या काळात उलट आपल्यालाच पैसे मिळतात. पालकांना मी हेच पुन्हा पुन्हा सांगितलं. नियंत्रक करून देतो म्हणून तुमच्याकडे लाखो रुपये मागणारा माणूस, जे त्याच्या हातातच नाही ते तुम्हाला विकतो आहे.

‘कोणतीही शाखा चालते, गणित-विज्ञानाची गरज नाही, फक्त इंग्रजी फाडफाड हवं.’ माझा सगळ्यात जास्त राग या वाक्यावर आहे, कारण ते ऐकून मुलं अकरावीतच गणित सोडतात.

त्या मुलाला मी समोर बसवून वहीवर एक गणित घातलं. दोन प्रवासी विमानं एकाच उंचीवर समोरासमोर येत आहेत, दोघांचा वेग ४८० नॉट, म्हणजे ताशी ४८० सागरी मैल. एकेक विमान मिनिटाला ८ सागरी मैल कापतं. दोघांमधलं अंतर मिनिटाला किती कमी होईल? तो म्हणाला, ८. मी गप्प राहिलो. मग त्यानेच खोडून १६ लिहिलं. आता त्यांच्यात ८० मैल असतील तर? त्याने भागाकार केला आणि पेन्सिल थांबली. ५ मिनिटं. त्या ५ मिनिटांत नियंत्रकाला एकाला वर किंवा खाली न्यायचं असतं, किमान १००० फुटांचं अंतर पाडायचं असतं, आणि त्याच वेळी त्याच्या पडद्यावर आणखी दहाबारा विमानं असतात. हा अकरावीतला सापेक्ष वेग. वारा आडवा असेल तर विमानाचं तोंड कुठे आणि प्रवास कुठे, हे त्याच पुस्तकातले सदिश. परीक्षेत निम्मे प्रश्न या दोन विषयांचे का, हे त्याला मला वेगळं सांगावं लागलं नाही.

इंग्रजी लागतंच, यात वाद नाही. पण ते फाडफाड बोलण्याचं इंग्रजी नव्हे. नियंत्रकाने दिलेली सूचना वैमानिक परत म्हणून दाखवतो, त्याला रीडबॅक म्हणतात, आणि ती बरोबर म्हटली का हे नियंत्रकाने कान देऊन ऐकायचं असतं. ठरलेले शब्द, ठरलेला क्रम, स्वच्छ उच्चार. १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणात चरखी दादरीच्या आकाशात सौदी आणि कझाक विमानांची टक्कर होऊन ३४९ माणसं गेली. कझाक विमानाला १५ हजार फुटांवर राहायला सांगितलं होतं, ते त्याच्या खाली उतरलं, आणि समोरून सौदी विमान १४ हजारांवर होतं. कझाक वैमानिकांना इंग्रजी सूचना नीट कळत नव्हत्या, हा मुद्दा तेव्हा चौकशीत पुढे आला. आज आंतरराष्ट्रीय नियमांनी वैमानिक आणि नियंत्रक दोघांनाही इंग्रजीची किमान चौथी पातळी सिद्ध करावी लागते. मराठी माध्यमाच्या मुलांना मी सांगतो की घाबरू नका. हे इंग्रजी सरावाने येतं. सावकाश, स्पष्ट आणि नेमकं बोलायला शिका, तेच तिथे कामाला येतं.

‘नवी मुंबई, मोपा असे खासगी विमानतळ आले, ते थेट भरती करतील.’ हे ऐकायला पटतं, म्हणून जास्त फसवतं. विमानतळ खासगी कंपनी चालवते म्हणजे टर्मिनल, दुकानं, धावपट्टीची देखभाल तिच्याकडे. विमानांचं नियंत्रण तिच्याकडे जात नाही. मुंबईचा विमानतळ खासगी हातात आहे, तरी टॉवरमध्ये प्राधिकरणाची माणसं बसतात. मोपाला तसंच, नवी मुंबईलाही तसंच. पुण्याच्या लोहगावचं नियंत्रण हवाई दलाकडे आणि गोव्याच्या दाबोळीचं नौदलाकडे आहे. तिथे बसायचं तर सैन्यदलात अधिकारी म्हणूनच जावं लागतं, आणि तीही चांगली वाट आहे. पण कोणत्याही खासगी विमानतळाच्या मनुष्यबळ विभागाकडे एटीसीची जागा नसते. आणि ‘हजारो जागा’ म्हणाल, तर प्राधिकरणाने २०२२ मध्ये ४०० जागांची जाहिरात काढली, २०२३ मध्ये ४९६, आणि २०२५ मध्ये ३०९. अख्ख्या देशासाठी.

सरकारमान्य म्हणजे कुणाची मान्यता, हे विचारा. त्या माहितीपत्रकावर आयएसओचं चिन्ह होतं आणि लघुउद्योग नोंदणीचा क्रमांक. ती नोंदणी किराणा दुकानालाही मिळते. पदवी असेल तर विद्यापीठ मान्यताप्राप्त हवं. विमान देखभाल अभियंता व्हायचं असेल किंवा उड्डाण शिकायचं असेल, तर संस्थेला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, म्हणजे डीजीसीएची मंजुरी हवी. मंजूर संस्थांच्या याद्या त्यांच्या संकेतस्थळावर आहेत. नाव तिथे नसेल तर विषय संपला.

मेसेजमध्ये वैमानिकाचंही आमिष असतं, की एव्हिएशनची पदवी घ्या आणि पायलट व्हा. व्यावसायिक वैमानिकाचा परवाना पदवीने मिळत नाही. २०० तासांचं उड्डाण, डीजीसीएच्या लेखी परीक्षा आणि प्रथम श्रेणीची वैद्यकीय तपासणी लागते. खर्च अर्ध्या कोटीच्या आसपास किंवा वर जातो. एअरबस किंवा बोइंगचं टाइप रेटिंग, म्हणजे त्या प्रकारचं विमान चालवण्याची पात्रता, पुढे वेगळं. ज्यांना जमणार आहे त्यांनी जरूर जावं, फक्त फी भरायच्या आधी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. डोळ्यांत किंवा कानात काही निघालं तर ते आधी कळलेलं बरं.

‘अमेरिकेत मुलं कॉलेजातूनच एटीसी होतात’ असंही त्या पालकांना फोनवर सांगण्यात आलं होतं. यात अर्धं खरं आहे. तिथे काही महाविद्यालयांत हा अभ्यासक्रम आहे, आणि तो तिथल्या संघीय विमान वाहतूक प्रशासनाच्या योजनेखाली चालतो. तरीही नेमणूक ते प्रशासनच करतं. त्यांची चाचणी, त्यांची वैद्यकीय तपासणी, साधारण ३१ ची वयोमर्यादा आणि अमेरिकी नागरिकत्व हे सगळं लागतं. आपल्याकडे अशी योजना नाही, त्यामुळे तिथलं उदाहरण देऊन इथला डिप्लोमा खपवणं चूक आहे.

पगाराचा आकडा मात्र पूर्ण खोटा नाही. कनिष्ठ कार्यकारी पदाची वेतनश्रेणी ४० हजारांपासून सुरू होते आणि भत्ते धरून चांगली रक्कम होते. पण ती प्राधिकरणाच्या अधिकाऱ्याला मिळते. डिप्लोमावाल्यांना प्रत्यक्षात मिळालीच तर तिकीट काउंटर, सामान हाताळणी किंवा मालवाहतूक विभागातली नोकरी मिळते. ते काम कष्टाचं आणि मानाचं आहे, पण बारावी किंवा पदवी झालेल्यांना घेऊन ते काम कंपन्या स्वतः शिकवतात. त्यासाठी शेतीचे पैसे मोडायची गरज नाही.

आणि ‘आजच पैसे भरा’. प्राधिकरणाची जाहिरात त्यांच्या संकेतस्थळावर येते, अर्जाला अनेक दिवसांची मुदत असते. यापूर्वीच्या भरतीत शुल्क १००० रुपये होतं, आणि महिला व अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना तेही माफ होतं. खोट्या भरतीपासून सावध राहा, असं प्राधिकरणाने स्वतः अनेकदा जाहीर केलं आहे.

त्या मुलाने आमच्याच गावच्या महाविद्यालयात भौतिकशास्त्र, गणित आणि इलेक्ट्रॉनिक्स घेऊन बीएस्सीला प्रवेश घेतला. वर्षाची फी काही हजारांत आहे. सोयाबीनचे पैसे परत बँकेत गेले. त्याच्या वडिलांना तो मेसेज आमच्याच पालकांच्या ग्रुपवर मिळाला होता, म्हणून हे सगळं मी आधी तिथे टाकलं. तुमच्या ग्रुपवर आला असेल तर त्याच्या खाली हे टाका. पाठवणाऱ्याला दोष देऊ नका. बहुतेक वेळा तोही एखाद्या मुलाचं भलं व्हावं म्हणूनच पुढे ढकलत असतो.