आईला कळतं ते यंत्रालाही कळू शकतं

बहुविकलांग मुलाच्या घरी मदत म्हणून स्मार्ट स्पीकर घेऊन निघाला असाल, तर आधी हे वाचा. तो स्पीकर नावानं हाक मारल्यावर जे बोलाल ते सहसा इंटरनेटवरून सर्व्हरला पाठवतो. घाटंजी-धारणीकडच्या खेड्यात लाइन गेली, वायफाय गेलं, की स्पीकर मुका. शिवाय त्याला उच्चार स्वच्छ लागतात. सेरेब्रल पाल्सीमुळे ज्याचा ‘पंखा’ फक्त ‘अं-आ’ असा निघतो, त्याचं तिथं काहीच चालत नाही. आईला मात्र बरोबर कळतं, कारण तो ‘अं-आ’ रोज तसाच निघतो.

‘व्हॉइस रेकग्निशन मॉड्यूल व्ही३’ नावाचा छोटा बोर्ड याच तत्त्वावर चालतो. त्याला भाषा कळत नाही, आवाजाचा नमुना कळतो. वऱ्हाडी, कोरकू, गोंडी, नुसता हुंकारसुद्धा चालतो. ८० नमुने साठवतो, एका वेळी ७ ओळखतो, प्रत्येक नमुना दीड सेकंदात बसला पाहिजे. नेट लागत नाही. सोबत आर्डुइनो नॅनो (ओळखलेल्या आवाजावरून हुकूम देणारा छोटा कंट्रोलर), ५ व्होल्टचे रिले (त्या हुकमानं पंखा-दिवा चालू-बंद करणारे स्विच) आणि कॉलर माइक. आयटीआयच्या पोरांना सहज जमेल.

फसतं ते बोर्डात आवाजाचे नमुने भरताना. सकाळी, खुर्चीत बसवून, शांत खोलीत भरतात. वापर होतो दुपारी, झोपून, कुलरच्या घोंघाटात. आडवं झालं की श्वास बदलतो, त्यासोबत आवाजही. म्हणून जसा वापर तसंच भरा, कुलर चालू ठेवून. पंखा, दिवा, घंटी एवढी तीनच कामं घ्या. प्रत्येकाचा एक सकाळचा आणि एक संध्याकाळचा थकलेला नमुना, म्हणजे ६ झाले, ७ मध्ये बसतात. माइक ओठांच्या कोपऱ्यापासून चार बोटांवर, जरा बाजूला. अगदी समोर धरला तर फुंकर लागते, हनुवटीखाली लावला तर लाळेनं खराब होतो.

ऐकूही कमी येत असेल, तर ‘बीप’चा काय उपयोग? उशीखाली मोबाइलमधली असते तशी व्हायब्रेशन मोटर ठेवा, म्हणजे आज्ञा पोचली हे अंगाला कळतं.

रिले फेजच्या वायरवर, न्यूट्रलवर नाही. हे काम वायरमनकडूनच, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) बसवून. कुलर मात्र आवाजावर आणूच नका: मोटरच्या झटक्यानं साध्या रिलेचे पॉइंट चिकटतात, आणि तिथं पाणी असतं. पॉवर बँकही नको. करंट कमी ओढला की बऱ्याच पॉवर बँका आपोआप बंद होतात, आणि रात्री घंटी वाजत नाही. ५ व्होल्ट देणारा राउटरचा मिनी यूपीएस घ्या.

घंटी कधीही एकट्या आवाजावर ठेवू नका. सर्दी झाली, फिट येऊन गेली, की आवाज ओळखीचा राहत नाही. कोपराशी किंवा गालाशी, जो अवयव हलतो तिथं, मोठं बटन त्याच घंटीला जोडा.

पैशासाठी ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातला दिव्यांगांचा ५ टक्के निधी आहे. ठराव करताना फक्त वस्तूची किंमत लिहू नका. महिन्यानं, आणि प्रत्येक आजारपणानंतर, आवाज पुन्हा भरायला येणाऱ्या माणसाचं भाडं-मजुरी त्याच ठरावात लिहून घ्या.