नळी

ताईनं नोकरी सोडली आणि मला फोन करून म्हणाली, "पाळणाघर काढतेय. हिशेब तू बघायचास." विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. तिची वीस वर्षं मुलांत गेलेली, माझी आकड्यांत. आकडे शी करत नाहीत, हा त्यांचा केवढा मोठा गुण आहे याची मला तोवर कल्पना नव्हती.

पहिला महिना नावातच गेला. मी मुळातली चिकट, त्यामुळे नाव शोधायचं म्हणजे पार मुळापर्यंत गेले. तर 'क्रेश' या फ्रेंच शब्दाचा अर्थ गव्हाण. फिर्मिन मार्बो नावाच्या गृहस्थानं १८४४ साली पॅरिसमध्ये कामाला जाणाऱ्या आयांच्या तान्ह्या मुलांसाठी असं पहिलं क्रेश काढलं. त्याच्या चारच वर्षं आधी, १८४० मध्ये, तिकडे जर्मनीत फ्रोबेलनं आपल्या बालशाळेला 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग, असं नाव दिलं होतं. म्हणजे युरोपानं आपल्यापुढे दोन पर्याय ठेवलेत : गव्हाण किंवा बाग. मी अर्थातच बागेच्या बाजूची. ताई म्हणाली, "कुठल्याही पाळणाघरात जेवणाच्या वेळेला एकदा जाऊन ये, मग बोल."

नाव शेवटी ताईनंच ठेवलं. मलाही एक नाव मिळालं. पाळणाघरात बाई म्हणजे एकतर ताई, नाहीतर मावशी. ताई आधीच ताई होती, त्यामुळे माझी संमती न घेता मी मावशी झाले. पुढे पालकही मला मावशी म्हणू लागले. त्यातल्या एकाच्या डोक्यावर एकही काळा केस नाही.

जागा मिळाली ती तळमजल्यावरची, दोन दारांची. मला ती बघताक्षणी आवडली. ताई म्हणाली, "पालथी पड आणि रांग."

"मी?"

"मग काय, मुलं येऊन सांगणार आहेत कुठं लागतंय ते?"

रांगले. ज्यांनी अलीकडे हे केलेलं नाही त्यांना सांगते, खोली उभ्यानं वेगळी असते आणि रांगताना वेगळी असते. उभ्यानं मला खिडक्या दिसल्या होत्या. खाली विजेचे सॉकेट नेमके नाकासमोर आले. पडद्याची दोरी गळ्याच्या उंचीवर लोंबत होती. टेबलाच्या कोपऱ्यानं मला कपाळावर स्वतःची ओळख करून दिली, आणि त्याच टेबलाच्या खालच्या अंगाला कुणीतरी वर्षानुवर्षं च्युइंगम चिकटवून ठेवल्याचं कळलं. दार बिजागरीच्या बाजूनं उघडतं तेव्हा तिथं एक फट होते. मी आयुष्यात हजारो दारं उघडली असतील, पण बोट चिरडायला ती फट किती सोयीची आहे हे त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. त्याच वेळी घरमालक आले. दोन पोक्त बायका, एक दाराशी आणि एक कपाटामागे, चार पायांवर. ते जरा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "काही हरवलंय का?" भाडेकरारावर त्यांनी सही केली, पण पुढे कितीतरी दिवस ते आमच्याशी जरा सावकाश, समजावून सांगितल्यासारखं बोलत.

मग ती नळी आली. पारदर्शक प्लॅस्टिकची, आतून ३.१७ सेंटिमीटर रुंद, तळ तिरका. खोली एका बाजूला अडीच सेंटिमीटर, दुसऱ्या बाजूला पावणेसहाच्या आत. लहानग्याचा घसा म्हणून ही नळी वापरतात. जी वस्तू न दाबता तिच्यात पूर्ण मावते, ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात द्यायची नाही. नियम एवढाच, पण त्यानं माझं डोकं फिरवलं. हिशेबाच्या माणसाला असं स्वच्छ हो किंवा नाही देणारं यंत्र क्वचित मिळतं. खेळणी तपासून संपली तेव्हा मी घराकडे वळले. पेनाचं टोपण मावलं. नाणी मावली. रिमोटचं झाकण नाही मावलं, पण आतला सेल मावला. जेवता जेवता नवऱ्याच्या शर्टाचं बटण सैल दिसलं, तर मी हात पुढे केला. तो म्हणाला, "मला बेचाळीस वर्षं झाली आहेत." मी म्हटलं, "बटणाला ते माहीत नाही."

पाळण्यांच्या बाबतीत वेगळाच प्रसंग. दोन गजांमधली फट सहा सेंटिमीटरहून जास्त नको, म्हणून मी दुकानात पट्टी घेऊन गेले. दुकानदार समजूतदार होता, त्यानं मला मोजू दिलं आणि स्वतः आतल्या खोलीत जाऊन बसला. पण खरी भानगड नातेवाइकांची. पाळणाघर निघतंय म्हटल्यावर हौसेनं उश्या आल्या, झालरीचे लोड आले, मऊ गोधड्या आल्या आणि पाळणा एकट्यानं भरून टाकेल असं एक अस्वल आलं. ताईनं सगळं प्रेमानं घेतलं आणि माळ्यावर टाकलं. तान्ह्या मुलाला उताणं झोपवायचं, घट्ट सपाट गादीवर, आणि जवळ मऊसूत काही ठेवायचं नाही, कारण श्वास कोंडायला तेवढं पुरतं. आत्या दुखावली. "मग पाळण्यात ठेवायचं तरी काय?" ताई म्हणाली, "मूल."

खुर्च्या सव्वीस सेंटिमीटर उंचीच्या घेतल्या. १९०७ साली रोममध्ये मारिया माँटेसरी यांनी बालगृह सुरू केलं आणि मुलांच्या मापाच्या टेबलखुर्च्या बनवून घेतल्या. मुलांच्या गुडघ्यांचा विचार झाला, फार चांगलं झालं. माझ्या गुडघ्यांचा कुणी केला नाही. पालकांशी पहिली बैठक आम्ही त्याच खुर्च्यांवर घेतली. बसलेल्यांपैकी निम्म्यांना मी हात देऊन उठवलं, आणि मग मला उठवायला कुणी उरलं नाही.

आता माझं खातं. आठ मुलं, प्रत्येकाचे दिवसाला चार डायपर, म्हणजे बत्तीस. महिन्याचे बावीस दिवस धरले तर ७०४. हे मी तोंड न वाकडं करता लिहिलं. पण प्रत्येक डायपरच्या आधी हात धुवायचे आणि नंतरही धुवायचे, दर खेपेला निदान वीस सेकंद. चौसष्ट गुणिले वीस म्हणजे १२८० सेकंद, एकवीस मिनिटं. अजून कुणी शिंकलेलं नाही, कुणी जेवलेलं नाही, कुणी रंगात हात घातलेला नाही. मी ताईला म्हटलं, "रोजची एकवीस मिनिटं नुसती नळाखाली जाणार." ती म्हणाली, "मग साबण चांगला आण."

त्याहून अवघड गणित माणसांचं. तान्ही असतील तर एका बाईकडे तिघं, यापुढे ताई जायला तयार नाही. कागदावर मी सगळं बसवलं. तीन तीन मुलांचे चौकोन, प्रत्येक चौकोनावर एक बाई. मग ताईनं विचारलं, "आणि हिला बाथरूमला जायचं असेल तर?" एवढ्या एका प्रश्नानं माझे चार तक्ते पडले. संस्था उभ्या करताना लोक भांडवलाची काळजी करतात. मला विचाराल तर मूत्राशयाची करावी.

आगीच्या वेळी बाहेर कसं पडायचं याची तालीमही केली. न चालणाऱ्या मुलांना चाकांच्या पाळण्यात घालून सगळ्यांना एकदम बाहेर ढकलत न्यायचं. मुलं अजून यायची होती, म्हणून सहा बाहुल्या घेतल्या. शिट्टी, धावपळ, दोन मिनिटांत सगळे अंगणात. ताईनं हजेरी घेतली. पाचच. सहावी पुस्तकांच्या कपाटाजवळ पडून शांतपणे छताकडे बघत होती. बाहुलीच होती, हे मला पटत होतं. तरी रात्री झोप नाही आली. दुसऱ्या दिवसापासून हजेरीची वही दाराच्या खिळ्याला टांगली.

तपासणीला अधिकारी आले, सगळीकडे फिरले, फ्रिजचं तापमान पाहिलं, आणि माझ्या ७०४ च्या तक्त्याकडे ढुंकूनही न बघता गेले. असो.

प्रवेशाच्या अर्जात ताईनं बरंच काही विचारलं होतं. घ्यायला कोण कोण येऊ शकतं, कशाची अ‍ॅलर्जी, पाण्याला मूल कोणता शब्द वापरतं. 'झोपताना काय लागतं?' या रकान्यात एका जोडप्यानं लिहिलं होतं, 'आम्ही.'

त्यांचाच मुलगा पहिल्या दिवशी पहिला आला. दीड वर्षाचा. आईबाप नजरेआड झाले की जीव कासावीस व्हायचं जे वय असतं, त्याच्या अगदी भरात. ताईचा दंडक असा की पालकांनी गुपचूप सटकायचं नाही, 'येते हं' असं सांगून जायचं, आणि पहिले दिवस थोड्याच वेळात परत यायचं. आई सांगून गेली. बापही सांगून गेला, पण त्याचे बूट दाराच्या फटीतून मला पुढची पंधरा मिनिटं दिसत होते.

मुलानं जो सूर लावला तो लावलाच. ताईनं कडेवर घेतलं, खिडकी दाखवली, गाणं म्हटलं. नळीची परीक्षा पास झालेलं एकूण एक खेळणं मी त्याच्यापुढे धरलं आणि त्यानं ते एकेक करून भिरकावलं. शेवटी मी थकून त्याच्यासमोर बसले, सव्वीस सेंटिमीटरवर. तर त्यानं माझ्या अ‍ॅप्रनच्या खिशात हात घातला आणि नळी काढली. रडता रडता ती डोळ्याला लावली. माझ्याकडे पाहिलं. रडं थांबलं. नळी काढून पाहिलं, पुन्हा लावून पाहिलं. मी नळीतून बरी दिसत असावे.

तासाभरानं तो ती मुठीत धरूनच झोपला. ताईनं बोटं हळूच सोडवून नळी काढून घेतली आणि माझ्या कानाशी कुजबुजली, "ही तपासली होतीस?"

घरातली, पाळणाघरातली, नवऱ्याच्या अंगावरची प्रत्येक वस्तू मी तपासली होती. ही सोडून. नळी स्वतःत मावणं शक्यच नाही, हे मी तिला तिथल्या तिथे डायपरच्या वहीवर आकृती काढून सिद्ध करून दाखवलं. तिनं आकृती पाहिलीसुद्धा नाही.

दुसरी नळी मागवली. पहिली तिच्यात घालून पाहिली, मावत नाही. दुसरी पहिलीत घालून पाहिली, तीही नाही. आता तो आला की दोन्ही मागतो. एक स्वतःच्या डोळ्याला लावतो, दुसरी माझ्या.