खिडकीचा कागद आणि आपली ओसी

इंग्लंडात घर विकायला काढलं की सॉलिसिटर, म्हणजे आपला वकील, एक लांबलचक फॉर्म पाठवतो, टीए६ म्हणतात त्याला, आणि त्यात भांडकुदळ शेजाऱ्यापासून ड्रेनेजपर्यंत सगळं विचारून झालं की एक प्रश्न येतो, १ एप्रिल २००२ नंतर खिडक्या किंवा काचेची दारं बदलली का, बदलली असतील तर सर्टिफिकेट जोडा. म्हणजे एकतर फेन्सा किंवा सर्टास या खिडकीवाल्यांच्या नोंदणी योजनांमधल्या फिटरने दिलेलं, नाहीतर कौन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोलचं, म्हणजे बांधकाम तपासणाऱ्या खात्याचं. आमच्या मागच्या खोलीच्या खिडक्या आधीच्या मालकाने बसवून घेतल्यात, फिटरचा पत्ता नाही, कागद नाही. "त्या २००२ च्या आधीच्याच असतील हो" असं म्हणून बघायची सोय पण नाही, कारण डबल ग्लेझिंगच्या दोन काचांमध्ये जी ॲल्युमिनियमची पट्टी असते ना, तिच्यावर बऱ्याचदा बनवल्याची तारीख छापलेली असते, आमच्या पट्टीवर चक्क २००९ आहे, टॉर्च मारला की दिसतं.

हे सांगायचं कारण आमचा डोंबिवलीचा फॅमिली ग्रुप. तिकडे त्या ६५ इमारतींचा विषय संपतच नाही, महापालिकेच्या खोट्या परवानग्या दाखवून महारेराचा, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नोंदणीचा, नंबर मिळवला, तो नंबर बघून लोकांनी घरं घेतली, आणि २०२४ मध्ये हायकोर्ट म्हणालं पाडा. त्यावर कोणीतरी हमखास लिहितं, तुमच्याकडे बरंय, सगळं चोख असतं.

चोख कसलं? कागद नसला की इथे काय करतात, तर इन्डेम्निटी पॉलिसी काढतात. थोडे पौंड भरायचे, एकदाच, आणि उद्या कौन्सिलने कारवाई केली तर खर्च विमा कंपनीचा. खिडकी गळते का, खाली जमिनीलगत सेफ्टी ग्लास लावलीय का, हे बघायला कोणीही येत नाही. उलट तुम्ही भाबडेपणाने कौन्सिलला फोन करून विचारलंत तर पॉलिसीच मिळत नाही! सरळ मार्ग आहे, कौन्सिलकडे अर्ज करून तपासणी करून घ्यायची आणि रेग्युलरायझेशन सर्टिफिकेट घ्यायचं, पण तेवढा धीर ना विकणाऱ्याला ना घेणाऱ्याला. आधी कौन्सिलला काम दुरुस्त करा अशी नोटीस द्यायला एकच वर्ष मिळायचं, लंडनच्या ग्रेनफेल टॉवरच्या आगीनंतर २०२२ चा कायदा आला त्यात ते दहा झालं, तरी पॉलिसीचा धंदा चालूच आहे. मला हा प्रकार साफ पळवाट वाटतो.

पण ग्रुपवरचे लोक म्हणतात तसा फरक प्रामाणिकपणाचा नाहीये. इथे तर फिटर स्वतःच्या कामाला स्वतःच सर्टिफिकेट देतो, आपल्याकडे बिल्डरला ही मुभा दिली तर काय होईल ते सांगायला नको. फरक असा की फेन्साची नोंद त्यांच्या साईटवर पोस्टकोड टाकून कोणालाही बघता येते, त्यांचे लोक काही कामं अधूनमधून जाऊन तपासतात, आणि प्रश्न पैसे हातात पडायच्या आधी लेखी विचारला जातो, खोटं उत्तर दिलं तर घेणारा नंतर दावा ठोकू शकतो. डोंबिवलीत कागद होते की, शिक्क्यासकट होते, तो शिक्का ज्याच्या नावाचा त्याला वेळेवर कोणी विचारलं नाही.

कायदा आपल्याकडे जुनाच आहे, १९६३ च्या मोफा या फ्लॅटविक्रीच्या कायद्यात बिल्डरने पूर्णत्वाच्या दाखल्याशिवाय ताबा देऊ नये असं लिहिलंय. तरी मुंबई-ठाण्यात ओसी, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला, नसलेल्या बिल्डिंगांत लोकांच्या पोरांची लग्नं झाली, रीसेलही झाली, आणि मग दर काही वर्षांनी अशा बिल्डिंगांना सवलतीत ओसी देणारी अभय योजना येते, ती म्हणजे आपली इन्डेम्निटीच, फक्त हप्ता सोसायटी भरते. त्यापेक्षा रजिस्ट्रेशनच्या वेळी ओसीचा नंबर मागा आणि तो महापालिकेच्याच यादीत तिथल्या तिथे तपासा, जुळला नाही तर दस्त थांबवा. ग्रुपवर हे टाकलं तर आमचे भावोजी म्हणाले, "अरे स्टॅम्प ड्युटी भरली की तिथे कोण काय विचारतं?" मग मी म्हटलं, भावोजी, मुद्दा तोच आहे ना.