‘मध्ये काहीच नाही’ असं म्हणू नका

आज सकाळी सहाला मध्य ऑस्ट्रेलियातल्या ॲलिस स्प्रिंग्जहून आमची बस निघाली. जुलै म्हणजे इथला ऐन हिवाळा, सगळे कानटोप्या घालून बसलेले. उलुरू हा प्रसिद्ध महाकाय खडक इथून साडेचारशे किलोमीटर. चिवड्याची पाकिटं वाटून झाली आणि टूर मॅनेजरनी माईकवर सांगितलं, “आता पाच तास मध्ये काहीच नाही, मंडळी. आराम करा.” पडदे ओढले गेले, पिक्चर सुरू झाला.

मला ते फार लागलं. मी माण तालुक्यातला. माझे आजोबा मेंढरं राखायचे. आमच्या माळावरून जाणाऱ्या एसटीत हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय. सातबाऱ्यावर अशा माळाला ‘पोटखराबा’, म्हणजे लागवडीला निरुपयोगी जमीन म्हणतात. आजोबांना मात्र त्याच माळावर पवन्या गवत कुठे, मारवेल कुठे, कुसळी कधी वाळते आणि मेंढरं कधी हलवायची हे सगळं दिसायचं.

मी उठून पुढे ड्रायव्हरच्या मागच्या रिकाम्या सीटवर जाऊन बसलो. तिथे काचेला पडदा नव्हता.

तासा-दीड तासात फिंक नदीवरचा पूल आला. खाली नुसती वाळू, आणि पात्रात पांढऱ्या खोडांची निलगिरीची झाडं. जगातल्या सगळ्यात जुन्या नद्यांमध्ये हिची गणना होते. पाणी वर दिसत नाही, पण झाडं हिरवी आहेत, म्हणजे ते खाली आहे. माणगंगेच्या काठी वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

वाटेत उंटांचा एक फार्म लागला. या वाळवंटात उंट आले ते आपल्याकडून. ऑस्ट्रेलिया दक्षिणेकडून उत्तरेकडे पार करायला निघालेल्या बर्क आणि विल्स यांच्या १८६० च्या मोहिमेसाठी कराचीहून जहाजानं उंट आणले, आणि पुढच्या काळात बलुचिस्तान, सिंध, पंजाब, राजस्थान इथून उंटवाले येत राहिले. इथे सगळ्यांना सरसकट ‘अफगाण’ म्हटलं गेलं. तारेच्या खांबांपासून पिठाच्या पोत्यांपर्यंत सगळं त्यांनीच वाहिलं. आजच्या ‘द घॅन’ या रेल्वेगाडीच्या नावात त्यांची आठवण आहे. आमच्या बसमधल्या कोणालाच हे कळलं नाही, कारण तेव्हा पिक्चरमध्ये मारामारी चालली होती.

एरल्डंडाला चहा झाला, बस पश्चिमेकडे वळली आणि माती खऱ्या अर्थानं लाल झाली. वाळूच्या कणांवर चढलेला हा लोखंडाचा गंज आहे. स्पिनिफेक्स गवताचे टोकदार, गोल झुबके दूरवर पसरलेले. स्थानिक अनंगू लोक त्याच्या राळेपासून डिंक करतात आणि भाल्याची पाती बसवतात. मल्गा हे आपल्या बाभळीच्या कुळातलं झाड. त्याच्या मुळांशी मधमुंग्या सापडतात. आणि डेझर्ट ओक! लहानपणी नुसती उभी काडी, पिसासारखी. मूळ खोल जाऊन पाण्याला लागेपर्यंत ते झाड फांद्या पसरतच नाही. ड्रायव्हर हे मला सांगत होता आणि मी मागे वळून झोपलेल्या मंडळींकडे बघत होतो.

मग अचानक डावीकडे मोठा डोंगर दिसला आणि कोणीतरी ओरडलं, “उलुरू!” सगळे खडबडून जागे, मोबाईल बाहेर. तो उलुरू नव्हताच. तो अटिला, म्हणजे माउंट कॉनर, सपाट माथ्याचा, आपल्याकडच्या एखाद्या किल्ल्यासारखा. उलुरू अजून शंभर किलोमीटरवर होता. रस्त्यापलीकडच्या टेकाडावर चढलं की मागे मिठाचं पांढरंशुभ्र कोरडं तळं दिसतं. तिथे आम्ही चौघंच गेलो.

टूर मॅनेजरच्या एका वाक्याचं मी एवढं का मनावर घेतोय, असं कुणाला वाटेल. पण याच वाक्यानं या देशात केवढा अन्याय झाला ते बघा. मध्य ऑस्ट्रेलियात किमान तीस हजार वर्षं माणसं राहत आलेली असताना इंग्रजांनी हा मुलूख कोणाच्याच मालकीचा नाही असं धरलं. कायद्याच्या भाषेत ‘टेरा नलियस’. ते खोडायला ३ जून १९९२ उजाडावा लागला. मरे बेटावरचे मूळ रहिवासी एडी माबो यांचा जमिनीच्या हक्काचा खटला ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयानं (तिथलं ‘हाय कोर्ट’) मान्य केला, तेव्हा ते जाऊन काही महिने झाले होते. उलुरू अनंगूंना परत मिळाला तो १९८५ मध्ये. जमीन रिकामी म्हटली की तिथल्या माणसालाही मोजायचं कारण उरत नाही. आमच्या माळांचंही हेच होतंय. आधी ‘पडीक’ म्हणायचं, मग ज्याची मेंढरं तिथे चरतात त्याला न विचारता ती जमीन दुसऱ्या कामाला लावायची.

संध्याकाळी सूर्य मावळताना उलुरू पेटल्यासारखा लाल झाला. बसमधले सगळे गप्प झाले होते, तेही हात जोडून. मला त्यांच्याबद्दल राग नाही. त्यांना कोणी दाखवलंच नव्हतं.

आता रात्री बाहेर उभा राहून हे लिहितोय. दक्षिणेला त्रिशंकू इतका स्पष्ट मी कधी पाहिला नव्हता. परवा याच रस्त्यानं परत जायचंय. टूर मॅनेजरना आत्ताच सांगून आलोय की पिक्चर नको, पडदे उघडे ठेवा आणि निदान फिंक नदीपर्यंत माईक माझ्याकडे द्या. ते हो म्हणालेत.