परदेशी युरेनियम बंद केलं तर देशी युरेनियम वाचत नाही, संपतं

'अमेरिकेने परदेशी युरेनियम बंद केलं. भारतानेही करावं. आपल्या खाणींत भरपूर आहे, आयातीमुळे ते पडून राहतं. देशी इंधनावर वीज निम्म्या दरात मिळेल.' हा मेसेज आमच्या दाजींनी घरच्या ग्रुपवर टाकला, आणि शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीवाल्यांच्या ग्रुपवरही. तिथे त्याला पन्नास अंगठे मिळाले. दाजी, तुमचा मान राखून सांगतो, यातलं जवळपास सगळं चुकीचं आहे.

अमेरिकेचं आधी उरकतो. मे २०२४ मध्ये तिथे कायदा झाला तो फक्त रशियाच्या समृद्ध युरेनियमपुरता, म्हणजे ज्यात भट्टीत जळणारा भाग मुद्दाम वाढवलेला असतो त्या युरेनियमपुरता. त्यातही दुसरीकडे माल मिळत नसेल तर २०२७ अखेरपर्यंत सूट आहे. कॅनडा, कझाकस्तान, ऑस्ट्रेलियाचा माल चालूच आहे. २०१८ मध्ये तिथल्या दोन खाण कंपन्यांनी बाजाराचा २५ टक्के हिस्सा देशी मालासाठी राखून मागितला होता. ट्रम्प यांनीच जुलै २०१९ मध्ये तो नाकारला.

निम्म्या दराचं म्हणाल, तर देशाच्या एकूण विजेत अणुवीज ३ टक्क्यांच्या आसपास. तिचं इंधन फुकट मिळालं तरी फौंड्रीत धातू वितळवणाऱ्या विजेच्या भट्टीच्या (इंडक्शन फर्नेसच्या) बिलात फरक दिसणार नाही.

आता 'भरपूर'. या शब्दाचा मला खरोखर राग येतो. झारखंडातली जादुगुडाची युरेनियम खाण १९६७ मध्ये सुरू झाली. तिथला टनभर दगड फोडून, दळून, आम्लात विरघळवून हाती युरेनियम येतं ते जेमतेम अर्धा किलो. कॅनडातल्या सिगार लेकला तेवढ्याच दगडातून शंभर किलोच्या वर निघतं. आयात बंद असताना काय होतं हे आपण भोगलेलं आहे. न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशनचे स्वतःचे आकडे बघा: २००८-०९ मध्ये आपल्या अणुभट्ट्या क्षमतेच्या ५० टक्क्यांवर चालल्या. यंत्रं धड होती, माणसं होती, इंधन नव्हतं. सप्टेंबर २००८ मध्ये अणुपुरवठादार देशांच्या गटाने भारताला अणुइंधन विकायची सवलत दिली, बाहेरून माल येऊ लागला आणि २०११-१२ मध्ये तोच आकडा ७९ वर गेला. मेसेज लिहिणाऱ्याने एवढं एक जरी वाचलं असतं तरी पुरे होतं.

आणि सगळ्यात उलटा प्रकार पुढेच आहे. बाहेरचं युरेनियम आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या देखरेखीखालच्या भट्ट्यांतच वापरता येतं, म्हणजे रावतभाटा, काक्रापार, नरोरा वगैरे. कैगा किंवा कल्पाक्कमच्या जुन्या भट्ट्या त्या देखरेखीबाहेर आहेत, त्यांना देशी इंधनच लागतं. आयात थांबवली की रावतभाट्याची भूकही जादुगुड्याच्याच दगडावर भागवायची. मग कैग्याच्या वाट्याला काय उरणार? देशी साठा वाचवायचा तर आयात हवी. कुडनकुलमच्या रशियन भट्ट्यांना समृद्ध युरेनियम लागतं, तेही रशियातूनच येतं. आयातबंदीनंतर हातातलं इंधन संपलं की तिथल्या दोन युनिटचे मिळून २००० मेगावॉट गेले.

रत्नागिरीच्या वाळूतल्या थोरियमचा फोटोही मेसेजला जोडलाय. थोरियम थेट जळत नाही. आधी अणुभट्टीत त्याचं युरेनियम-२३३ करावं लागतं आणि त्या टप्प्यावर आपण अजून पोचलेलो नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. एकाच देशावर विसंबलं की तो गळा धरतो. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेने तारापूरच्या इंधनात खोडा घातला, पुढे १९८२ पासून फ्रान्सकडून ते आणावं लागलं. देशी इंधन कमअस्सल आहे असंही नाही: कैग्याचं पहिलं युनिट २०१८ च्या अखेरीस त्याच इंधनावर सलग ९६२ दिवस चालून बंद झालं, तेव्हा तो जागतिक विक्रम होता. म्हणून कझाकस्तान, कॅनडा, रशिया, उझबेकिस्तान असे अनेक विक्रेते ठेवा, काही वर्षांचा साठा करा, आंध्रातल्या तुम्मलपल्ले खाणीचं उत्पादन वाढवा. अशी मागणी करणारा मेसेज दाजींनी पाठवला, तर मी स्वतः तो पुढे पाठवीन.