खर्चाची चिंता करू नका

काल तान्हा पोळा झाला. आमच्या लेआउटच्या (म्हणजे वसाहतीच्या) मैदानात नंदी सजावटीची स्पर्धा होती आणि "तुम्ही शिक्षिका आहात नं जी" म्हणून याही वर्षी मलाच परीक्षक केलं. बक्षिसावरून थोडी कुरबुर झाली. ती सांगते, पण आधी जरा मागे जावं लागेल. पोस्ट लांब आहे. ज्यांना वेळ नाही त्यांनी खाली मारबतीचे फोटो टाकलेत ते बघा, छान आलेत.

बाहेरगावच्या मित्रांसाठी एवढंच, की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात सकाळी मारबत, म्हणजे वाईटाच्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते आणि संध्याकाळी लेकरांचा पोळा भरतो. चाकं लावलेला लाकडी बैल दोरीने ओढत पोरं घरोघरी जातात, लोक हातावर बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, ठेवतात. भोसल्यांच्या काळापासूनची रीत आहे.

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी असा लाकडी बैल एकच होता, आणि तो दादाचा. झूल मी शिवायची, शिंगांना बेगड मी लावायची, गळ्यातली घुंगरं मी ओवायची. बोजारा दादाला. मी नऊ वर्षांची असताना एका दुपारी त्या बैलाची पुढची दोन चाकं काढून टाकली. खरा बैल बसतो, मग आपला का नाही बसत, एवढंच डोक्यात होतं. बैल छान बसला, पण चाकं परत लागेनात. आईने पाठीत धपाटा घातला, "चांगलं खेळणं नासवलं पोट्टीनं!" त्याच वर्षी दादाने बाबांचा ट्रान्झिस्टर खोलला होता. तो पुन्हा कधी वाजला नाही. पण काका कौतुकाने म्हणाले, "पोट्टा इंजिनीअर होते पाहा." (दादा बँकेत आहे. सुखी आहे.)

हे सगळं मी विसरले होते. एम.एड.च्या लघुप्रबंधासाठी आठवीच्या एका वर्गाला बाकर मेहदींची सर्जनशीलतेची शाब्दिक चाचणी द्यायची होती, तिच्यातला शेवटचा प्रश्न वाचला आणि पाठ दुखल्यासारखी झाली. ही १९७३ ची चाचणी आपल्याकडे बी.एड., एम.एड. केलेल्या अनेकांच्या हाताखालून गेलेली असते. माणूस पक्ष्यांसारखा उडू लागला तर काय होईल, शाळेला चाकं लागली तर काय होईल, दगड, काठी आणि पाण्याचे नवे नवे उपयोग सांगा, असे प्रश्न. शेवटी एक लाकडी घोडा. हे खेळणं जास्त मजेदार कसं करता येईल ते लिहा. वेळ सहा मिनिटं. म्हणजे ज्या कामाचा मला धपाटा मिळाला होता, त्याला इथे गुण होते!

असल्या चाचण्यांतलं मोठं नाव म्हणजे अमेरिकेतला मानसशास्त्रज्ञ टोरन्स. त्याच्या खेळण्याच्या प्रश्नात एक सूचना असते, की बदल करायला किती खर्च येईल याची चिंता करू नका. मीही वर्गात तसंच मोठ्याने सांगितलं. तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. "मॅडम, तरी कितीपर्यंत चालते?" वर्ग हसला, मीही हसले. तिचे वडील बांधकामावर मिस्त्रीच्या हाताखाली होते. घरात प्रत्येक वस्तूचं 'कितीपर्यंत' आधी ठरत असे. तिने घोड्याला काय केलं असेल? शेपटीची दोरी लांब केली, पाठीवर खोबण करून त्यात पेन्सिली ठेवल्या, आणि लिहिलं, "तुटला तर चुलीत घालता येईल असं लाकूड वापरावे." शेजारच्या बाकावरचा, ज्याच्या घरी दोन गाड्या, त्या मुलाने घोड्याला इंजिन, पंख, कॅमेरा आणि रिमोट असं सगळं लावलं. गुणांकनात त्याचे विचार जास्त, प्रकारही जास्त. मी गुण दिले, नियमाप्रमाणेच दिले. आज त्याचं मला जरा वाईट वाटतं.

पाण्याच्या प्रश्नातही तेच. उन्हाळ्यात टँकरवर जगणाऱ्या वस्तीतल्या एका मुलीने एकाच पाण्याचा प्रवास लिहिला होता. तांदूळ धुवायचे, त्याच पाण्यात भाजी धुवायची, मग त्याने भांडी विसळायची, मग ते अंगणात शिंपायचं म्हणजे धूळ बसते आणि कूलरशिवाय रात्र निघते. मी हे सगळं 'स्वच्छता' या एकाच खान्यात टाकलं, कारण मार्गदर्शिकेप्रमाणे ते एकाच प्रकारात बसत होतं. वेगळेपणाचे गुण दुर्मिळ उत्तराला असतात. तिच्या वस्तीत ते दुर्मिळ नव्हतंच, आणि माझ्यासारख्या नळवाल्या परीक्षकाला ते कल्पक वाटलं नाही.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगते, नाहीतर कॉमेंटमध्ये कोणीतरी "मुलीच हुशार असतात हो" म्हणून हार्ट टाकून जाईल. लेकरात कल्पना किती आहे यापेक्षा त्याला वस्तू बिघडवायची मुभा किती आहे, याने जास्त फरक पडतो. कागद वाया घालवायची मुभा, वेळ वाया घालवायची मुभा, चिखल घरात आणायची मुभा. आणि ही मुभा घरोघरी सारखी वाटलेली नाही. एका घरातही मुलाला आणि मुलीला सारखी मिळत नाही.

मुलगा-मुलगी म्हणून डोक्यात फरक असतो का? बेअर आणि कॉफमन या दोघा मानसशास्त्रज्ञांनी २००८ साली तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला, तर चाचण्यांच्या गुणांत ठोस, सातत्याचा फरक त्यांना दिसला नाही. मोठेपणी नाव कोणाचं होतं यात मात्र प्रचंड फरक आहे. मधल्या काळात काय होतं, ते टोरन्सच्याच १९६० च्या आसपासच्या एका प्रयोगात दिसतं. विज्ञानाची खेळणी समोर ठेवली तर मुली मागे राहिल्या, ही आपली कामं नाहीत म्हणून. त्याने शिक्षकांशी, पालकांशी बोलून हा समज कमी करायचा प्रयत्न केला. पुढच्या वर्षी मुली बरोबरीला आल्या. पण गटात कोणाच्या कल्पना जास्त मोलाच्या मानल्या गेल्या? मुलांच्याच. आणि असं मानणाऱ्यांत मुलीही होत्या.

हे वाचलं तेव्हा मला अमेरिका दूर वाटली नाही. विज्ञान प्रदर्शनासाठी आम्ही शाळेत कल्पना मागवतो. एका मुलीने दूध उतू जायच्या आधी वाजणारी घंटी सुचवली होती. आमच्या स्टाफरूममध्ये ती 'घरगुती' ठरली. त्याच वर्षी एका मुलाचा भूकंपसूचक पुढे गेला, जो निम्मा मोबाइलवर बघून केलेला होता. नागपुरात भूकंप कितीदा होतो आणि दूध कितीदा उतू जातं, हे कोणी विचारलं नाही. मीही गप्पच बसले.

वेळेचं तर बोलूच नका. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात सहा वर्षांवरच्या सगळ्यांना धरलं होतं. घरकाम करणाऱ्या बायकांची रोजची सरासरी २९९ मिनिटं आणि पुरुषांची ९७. मुलगी त्या २९९ च्या रांगेत कधी उभी राहते, ते कोणत्याही आठवीच्या वर्गात विचारा. दहा मिनिटं छताकडे बघत बसलेल्या मुलाला "काय विचार करून राहिला?" असं विचारतात. मुलीला म्हणतात, "रिकामी काहून बसली?"

मारबतीचे बडगे, म्हणजे मिरवणुकीतले टोमणे मारणारे पुतळे, कोण बनवतं ते आठवा. बांबू, कागद, खळ, जुने कपडे, वर एखादी झोंबणारी पाटी. महागाईपासून भ्रष्टाचारापर्यंत सगळ्यांची खेचायची. इतवारी-महालातले पोट्टे रात्री उशिरापर्यंत चौकात बसून हे करतात, आणि शाळेत ज्यांना निबंधात चार ओळी सुचत नाहीत त्यांनाच इथे जबर पाट्या सुचतात. मुली कुठे असतात? गॅलरीत, मोबाइल धरून. रात्री अकरा वाजता चौकात खळ कालवत बसायची मुभा अजून कोणाच्या लेकीला मिळालेली मी पाहिली नाही. माझ्याही मिळाली नाही. मीच दिली नाही, खरं सांगायचं तर.

पैसेवाल्यांच्या घरी सगळं असतं असंही समजू नका. रंग असतात, कागद असतो, पण सहावीपासून कोचिंग असतं आणि प्रोजेक्ट सीताबर्डीच्या दुकानातून तयार येतो. आई रात्री जागून त्यावर नाव चिकटवते. याउलट आपल्याकडे अपूर्व विज्ञान मेळावा भरतो, तिथे महानगरपालिकेच्या शाळांतली मुलंमुली साध्यासुध्या, जवळजवळ फुकटच्या वस्तूंनी प्रयोग मांडतात आणि स्वतः समजावून सांगतात. एकदा जाऊन त्यांना दोन प्रश्न विचारून बघा. ज्या पोरीला घरी पेला फोडायची भीती असते, ती तिथे बाटलीला बिनधास्त भोक पाडते, कारण बाटली टाकाऊ असते.

आता कालचं. पहिलं बक्षीस मिळालं माणसाच्या उंचीच्या, भाड्याने आणलेल्या बैलाला, विजेच्या माळांसकट. ट्रॉलीवर आणला होता, ओढायला बाबा आणि ड्रायव्हर. माझे सगळ्यात जास्त गुण होते लेआउटच्या मागच्या वस्तीतून आलेल्या एका पाचवीतल्या पोरीला. तिचा बैल कूलरच्या जुन्या गवताचा, सुतळीने बांधलेला, डोळ्यांना बाटलीची झाकणं. ओढताना त्याचं गवत गळत होतं. "मॅडम, तो खाते आणि टाकते," तिने सांगितलं. बाकीचे दोन परीक्षक म्हणाले, फिनिशिंग नाही. तिला उत्तेजनार्थ मिळालं, एक कंपासपेटी. तिची आई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "मॅडम, मैदान झाडून देतो जी आमी, कचरा झाला लय." मी नको म्हणेपर्यंत ती पोरगी स्वतःच गवत गोळा करायला लागली होती.

रात्री मंडळाच्या ग्रुपवर मी लिहिलं, पुढच्या वर्षी विकतचा किंवा भाड्याचा बैल स्पर्धेत धरू नये. एका मेंबरचं लगेच उत्तर आलं, "मग मॅडम, येईल कोण?"

अजून निळी टिक सत्तावीस जणांची झाली आहे. बाकी कोणी काही लिहिलेलं नाही.