कंस कशाला घालता, जागा अडते!

डेटाबेसची क्वेरी, म्हणजे साठवलेल्या माहितीतून हवं ते मागायची ओळ, लिहिणं हे जगातलं सगळ्यात सोपं काम आहे. सिलेक्ट म्हणायचं, टेबलाचं (माहितीच्या तक्त्याचं) नाव घ्यायचं, व्हेअर लिहायचं आणि मनात येतील त्या अटी अँड-ऑर लावून एकापुढे एक मांडत जायचं. डेटाबेस मनकवडा असतो, आपल्याला काय हवंय ते तो बरोबर ओळखतो. तरी काही खडूस मंडळी कंस बघा, नल (न भरलेली जागा) बघा, आधी टेस्ट करा असा धोशा लावून बसतात. अशांच्या नादी लागून होतकरू पोरांची उमेदीची वर्षं वाया जाऊ नयेत, म्हणून गेल्या आठवड्यात माझ्या पदरात जबरदस्तीने पडलेलं ज्ञान इथे फुकट वाटतोय. घ्या.

सुरुवात कंसांपासून. ते घालूच नका. आमचं एक गिऱ्हाईक आहे, कर्ज देणारी संस्था. काम एवढंच होतं की सातारा आणि कराड शाखेतल्या थकबाकीदारांना एसएमएस पाठवायचा. आमच्या टीममधल्या एका तडफदार वीराने दोन मिनिटांत लिहून मोकळं केलं: व्हेअर शाखा = 'सातारा' ऑर शाखा = 'कराड' अँड थकबाकी > 0. मोठ्याने वाचून बघा, कानाला किती गोड लागतं! आता अँड हा ऑरच्या आधी सुटतो, हा भाग वेगळा. गुणाकार बेरजेच्या आधी करायचा हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पण चार वर्षं इंजिनिअरिंग करून, वर प्लेसमेंटचा पेढा वाटून झाल्यावर असल्या क्षुद्र गोष्टींकडे कोण बघतो? मशीनने ते वाक्य असं वाचलं: सातारा शाखेतले झाडून सगळे, किंवा कराडमधले थकबाकीदार. कराडकरांना न्याय मिळाला. साताऱ्यात मात्र ज्याचं म्हणून खातं होतं त्या प्रत्येकाला 'आपले कर्ज थकीत असून त्वरित भरणा करावा' असा प्रेमाचा निरोप गेला. फेडून मोकळे झालेल्यांना गेला. जन्मात कधी कर्ज न घेतलेल्यांनाही गेला.

दहा वाजता शाखा उघडली तेव्हा एक निवृत्त मास्तर दारात उभे. हातात प्लॅस्टिकची फाइल आणि तीत नादेय दाखला. शाखाधिकाऱ्यांनी त्याचा फोटो काढून मला व्हॉट्सअॅपवर पाठवला, खाली एकच ओळ: "साहेब, यांना काय सांगू?" दाखल्यावर गोल शिक्का, निळ्या शाईची सही, आणि वरून लॅमिनेशन. माणूस दाखल्याला लॅमिनेशन उगाच करून घेत नाही. पुन्हा कधीतरी कोणीतरी येईल आणि पैसे मागेल, याची त्याला पक्की खात्री असते. आमच्या वीराने ती खात्री सार्थ ठरवली.

रिव्ह्यू, म्हणजे दुसऱ्याने करायची तपासणी, कोणी केला असं विचारू नका. 'एलजीटीएम' (लुक्स गुड टू मी, म्हणजे मला ठीक वाटतंय) असं लिहून अंगठा दाखवलेला आहे. बास.

दुसरा सल्ला: ऑरच्या पुढे कॉलमचं नाव पुन्हा लिहायचे कष्टही घेऊ नका. शाखा = 'सातारा' ऑर 'कराड' एवढंच लिहा. पोस्टग्रेस हा डेटाबेस खेकसेल, ते सोडून द्या, त्याचा स्वभावच तसा. मायएसक्यूएल (हा दुसरा डेटाबेस) बिचारं ऐकून घेतं. ते 'कराड' या अक्षरांचा आकडा करतं, तो येतो शून्य, आणि शून्य म्हणजे खोटं. म्हणजे मायएसक्यूएलच्या लेखी कराडची किंमत शून्य. हे कराडात जाऊन सांगायचं धाडस मी करणार नाही, तुम्ही करून बघा.

तारखांसाठी बिटवीन वापरा. '2024-04-01' ते '2025-03-31', झालं आर्थिक वर्ष. कॉलममध्ये तारखेसोबत वेळही असेल तर 31 मार्च म्हणजे तो दिवस सुरू होतानाची मध्यरात्र धरली जाते, आणि उजाडल्यापासून रात्रीपर्यंतचे व्यवहार हिशेबातून गळतात. वर्षातला सगळ्यात धावपळीचा दिवस, सगळी वसुली त्याच दिवशी, आणि नेमका तोच गायब. ऑडिटरला तेवढंच काम मिळतं. 1 एप्रिलपेक्षा लहान असं लिहिणं हा मात्र निव्वळ भित्रेपणा.

वर्षावर फिल्टर हवा असेल तर इयर(तारीख) = 2025 असंच लिहा. तारखेवरच्या इंडेक्सला (ओळी पटकन शोधायच्या सूचीला) झोप मिळते.

केस व्हेन ('अशी अट खरी तर असं उत्तर') लिहिताना लहानापासून मोठ्याकडे जा. थकलेले दिवस 0 पेक्षा जास्त तर 'किरकोळ', 30 पेक्षा जास्त तर 'लक्ष ठेवा', 60 पेक्षा जास्त तर 'गंभीर', 90 पेक्षा जास्त तर 'एनपीए' (अनुत्पादक कर्ज). केस वरून खाली वाचतो आणि पहिली खरी अट सापडली की तिथेच थांबतो. 400 दिवस थकलेला इसमही शून्यापेक्षा जास्तच असतो, म्हणून तोही किरकोळ. बँका 90 दिवसांच्या नियमापायी एवढा घाम गाळतात, आणि इथे एका केसमध्ये सगळा एनपीए नाहीसा! एल्स ('नाहीतर') लिहायची तर गरजच नाही. काहीच जुळलं नाही की आपोआप नल येतो, आणि नल म्हणजे काय ते पुढे बघूच. एका फाट्यात आकडा आणि दुसऱ्यात 'लागू नाही' अशी अक्षरं ठेवलीत तर आणखी मजा. एसक्यूएल सर्व्हर हा डेटाबेस दोन्हीचा आकडाच करायला जातो, आणि 'लागू नाही'ची ओळ येईपर्यंत एकदम सुरळीत चालतो. ती ओळ टेस्टिंगमध्ये कधीच येत नाही. ती रविवारी पहाटे प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे गिऱ्हाइकाच्या चालू सिस्टिमवर, येते.

थकबाकीदार मोजायला काउंट वापरा आणि आत केस व्हेन थकबाकी > 0 देन 1 एल्स 0 लिहा. काउंट शून्यालाही मोजतो. गाव थकबाकीदार.

आता नल. इथे जरा बसून घ्या.

कंसांचा घोळ निस्तरल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच वीराने कंस घातले. कौतुक आहे. पण तेवढ्यावर थांबतो तर तो वीर कसला! जादा खबरदारी म्हणून त्याने बंद खाती वगळायची ठरवली: अँड खातेनंबर नॉट इन, कंसात सिलेक्ट खातेनंबर फ्रॉम बंद_खाती. कंस आता आवडायला लागले होते. क्वेरी चालली. एरर नाही, वॉर्निंग नाही, लॉगमध्ये हिरवी खूण आणि पुढे 'यशस्वी, 0 ओळी'. काल साऱ्या साताऱ्याला एसएमएस, आज एकालाही नाही. खऱ्याखुऱ्या थकबाकीदारालाही नाही. संध्याकाळी गिऱ्हाइकाचा फोन आला तेव्हा महाशय म्हणाले, "सर, आज तक्रार आली नाही म्हणजे फिक्स झालंय."

झालं काय होतं? बंद खात्यांच्या टेबलात एकच ओळ अशी होती की तिच्यात खातेनंबर रिकामा, म्हणजे नल. कोणीतरी जुना डेटा एक्सेलमधून ओतताना राहिलेला. नॉट इन म्हणजे या नंबरासारखा नाही, आणि त्याही नंबरासारखा नाही, आणि नलसारखाही नाही. आता 'नलसारखा नाही' याचं उत्तर काय? खरंही नाही, खोटंही नाही. माहीत नाही. त्या एका 'माहीत नाही'मुळे अख्खी साखळी फार तर 'माहीत नाही' होते, खरी कधीच होत नाही. आणि व्हेअर फक्त खऱ्यालाच आत सोडतो. यादीत एक नल आला की एकही ओळ बाहेर येत नाही. एकही नाही! ऑरॅकल घ्या, पोस्टग्रेस घ्या, मायएसक्यूएल घ्या, याबाबतीत सगळ्यांचं एकमत. नॉट एक्झिस्ट्स ('अशी ओळच नाही') लिहिलं असतं तर हा प्रश्नच आला नसता. किंवा आतल्या क्वेरीत इज नॉट नल ही एक अट. टाइप करायला तीन सेकंद.

आणि हे काल निघालेलं फॅड नाही हो. एडगर कॉड या गृहस्थांनी 1970 मध्ये आयबीएममध्ये असताना रिलेशनल (माहिती टेबलांत मांडणाऱ्या) डेटाबेसचा पाया घातला. 1985 मध्ये त्यांनी 12 नियम सांगितले (शून्यापासून मोजले तर 13, प्रोग्रामरांना हे तरी पटावं), आणि त्यातला तिसरा नियम नलचा आहे. नल म्हणजे शून्य नव्हे, रिकामी अक्षरंही नव्हेत. 'माहिती नाही' ही गोष्ट वेगळी ठेवायची, असं त्या नियमात साफ म्हटलंय. आणि आमचा वीर मला विचारतो, "नल म्हणजे झिरोच ना सर, आतून?" आतून! आतून काय कप्पा आहे का त्याला?

म्हणून थकबाकी = नल असं बिनधास्त लिहा, उत्तर कधीच येणार नाही, मनःशांती लाभेल. स्थिती <> 'बंद' (म्हणजे बंद नाही) असं लिहा आणि ज्यांची स्थिती भरायचीच राहिली ते सगळे गुपचूप गळताना बघा. एसक्यूएल सर्व्हरवर नाव, मधलं नाव आणि आडनाव अधिकचं चिन्ह टाकून जोडा, म्हणजे ज्या बाईंनी वडलांचं किंवा नवऱ्याचं नाव लिहिलेलं नाही त्यांचं पूर्ण नावच नल होतं. ऑरॅकलवर असाल तर रिकामी अक्षरंसुद्धा नलच धरली जातात, हे मुलाखतीपुरतं पाठ करा आणि ऑफर लेटर आलं की विसरा.

लेफ्ट जॉइन करा (डाव्या टेबलाच्या सगळ्या ओळी ठेवून उजवं टेबल जोडायचं) आणि उजव्या टेबलाची अट ऑनमध्ये, म्हणजे जोडायच्या अटीत, न ठेवता व्हेअरमध्ये ठेवा. जुळणी नसलेल्या ज्या ओळींसाठी लेफ्ट जॉइन केला, त्याच नेमक्या निघून जातात. मग 'लेफ्ट जॉइनमध्ये बग आहे' म्हणून मला टॅग करा.

अपडेट आणि डिलीटला व्हेअर लावायचं ते ऐच्छिक समजा. मायएसक्यूएलवाल्यांनी अशा लोकांसाठी एक पर्यायच ठेवलाय, सेफ-अपडेट्स नावाचा. किल्ली (इंडेक्स असलेला कॉलम) किंवा लिमिट (ओळींची मर्यादा) नसलेलं अपडेट तो चालूच देत नाही. त्याचं दुसरं अधिकृत नाव 'आय-अॅम-अ-डमी'. ही थट्टा नाही, खरंच तसं लिहून चालू करता येतो. आमच्याकडे कोणीही तो लावत नाही, कारण आमच्याकडे डमी कोणीच नाही.

आणि हो, हल्ली एआयला विचारून क्वेरी घ्यायची सोय आहे. त्याला तुमच्या टेबलातली ती एक रिकामी ओळ दिसत नाही, पण उत्तर अत्यंत आत्मविश्वासाने देतो. तुमच्यासारखंच.

जाऊ दे. थट्टा पुरे झाली.

अरे बाबांनो, साधी गोष्ट आहे. अँड आणि ऑर एका ओळीत आले की कंस घाला. मनात कितीही स्पष्ट असलं तरी घाला, कारण पुढच्या वर्षी ती क्वेरी दुसराच कोणीतरी बदलणार आहे. ज्याच्या आधारावर माणसांना निरोप जाणार, पैसे कापले जाणार किंवा ओळी उडणार, ती व्हेअर आधी सिलेक्टमध्ये चालवा आणि किती ओळी येतात ते बघा. साताऱ्यात थकबाकीदार किती, हे गिऱ्हाइकाला एका फोनवर विचारता येत होतं. त्या आकड्याच्या कितीतरी पट ओळी आल्या तर हात थांबायला नको? आणि शून्य आल्या तर आनंद कसला मानता? अपडेट असेल तर ट्रान्झॅक्शन सुरू करून चालवा, आकडा चुकला तर रोलबॅक, म्हणजे सगळं पूर्ववत. टेस्ट डेटात एक नल, एक शून्य, एक बंद खातं आणि 31 मार्चच्या दुपारची एक नोंद घालून ठेवा. अर्धा तास लागतो. त्या मास्तरांनी शाखेत बाकावर बसून त्याहून जास्त वेळ घालवला, आणि ते तिथे आले ते आपल्यामुळे. सिस्टिममुळे नाही. 'सिस्टिमची एरर आहे' हे वाक्य पुन्हा माझ्या कानावर पडलं तर बघा. सिस्टिमने सांगितलं तेच केलं. सांगणारे आपण होतो, आणि अंगठा दाखवणारेही आपणच.

आणि बंद खात्यांच्या त्या कॉलमला आजच्या आज नॉट नल (रिकामं चालणार नाही) लावा. खातेनंबर > 0 असा चेक (ओळ आत घेताना तपासायची अट) लावलाय म्हणून मला सांगू नका. चेक फक्त खोट्याला अडवतो, 'माहीत नाही'ला नाही, आणि ती ओळ तशीच आत आलेली आहे.